लाकडी अंगाची जर्मन मोटार

लग्न होऊन मी धाराशिवला आले तेव्हा आमच्या भाड्याच्या घराला लागून एका निवृत्त डॉक्टरांचा बंगला होता. दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत. निजामाच्या काळात ते सरकारी दवाखान्याचे मोठे डॉक्टर होते आणि तरुणपणी शिकायला म्हणून जर्मनीत राहून आलेले होते. त्यांच्या परसात विहीर होती, विहिरीवर ऑइल इंजिन होतं. सकाळी ते सुरू झालं की मी हातातलं काम थांबवून ऐकत उभी राहायची.

माझं माहेर मुरुमचं. तिथं माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. बाया दळणाच्या पाट्या घेऊन रांगेत बसायच्या आणि मी इंजिनाच्या खोलीत अप्पांच्या मागं मागं. अप्पांना मुलगा नव्हता. त्यामुळं असेल किंवा त्यांचा स्वभावच तसा असेल, पण 'तू मुलगी आहेस, लांब हो' असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही. पट्टा कधी सैल झाला, तेल कधी कमी पडलं, हे मला आवाजावरून कळायचं. त्याचं मला काही विशेष वाटत नसे. घरात गाणं असलं की मुलांना सूर कळतो, तसंच ते.

एकदा डॉक्टरांचं इंजिन ठोके चुकवायला लागलं. दोन दिवस दोन माणसं येऊन बघून गेली. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. भिंतीवरून मी त्यांच्या बेगमसाहेबांना म्हटलं की डिझेलच्या नळीत हवा शिरलीय, बाकी इंजिन चांगलं आहे. त्यांनी मला आत बोलावलं. मी नळीचा नट सैल केला, बुडबुडे जाऊ दिले, नट पुन्हा आवळला. इंजिन लागलं. डॉक्टरसाहेब व्हरांड्यात उभे राहून सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सीताफळांची टोपली आली.

पुढं राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. डॉक्टरांची मुलं हैदराबादला होती. म्हाताऱ्या दोघांनी बंगला विकून तिकडं जायचं ठरवलं. सामानाची बांधाबांध चालू असताना एका संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमधे नेलं. तिथं गोणपाटांच्या ढिगाखाली एक मोटार उभी होती. जर्मनीहून आणलेली. युद्ध सुरू झालं, तिचे सुटे भाग यायचे बंद झाले, तेव्हापासून ती तिथंच होती. यांना वाटलं, डॉक्टरसाहेब गिऱ्हाईक शोधायला सांगतायत. ते यांच्याकडं बघून म्हणाले, "वकीलसाब, ये गाडी तुमको नै देरा मैं. बेटी को देरा हूँ. चली तो चली, नै तो मुर्गियाँ रख लेना."

हे, म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती आणि आता सवय राहिलेली नाही.

यांचे ते दिवस जरा अवघड होते. घरात बोलणं मराठी, पण शाळेपासून वकिलीपर्यंत सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. यांची उर्दू इतकी सुरेख की जुने मुन्सफ यांचा अर्ज दुसऱ्या वकिलांना वाचायला द्यायचे, असं मी ऐकलं होतं. आता कोर्टाची भाषा बदलली होती. इंग्रजी जेमतेम, आणि मराठी लिहायला बसले की एका ओळीला तीनदा टाक खाली ठेवायचे. पुण्या-सोलापूरकडून आलेले नवे वकील चार पानं लिहून मोकळे व्हायचे तोवर यांचं अर्धं पान व्हायचं. ते कुरकुर करत नसत. पण सुट्टीच्या दिवशी नुसते खुर्चीत बसून राहायचे, आणि ते मला बघवत नसे.

मोटार चौघांनी ढकलत गल्लीतून फिरवून आमच्या अंगणात आणली आणि कडुलिंबाच्या झाडाखाली उभी केली. सासूबाई आमच्याजवळच राहायच्या. त्या तुळजापूरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. गाडी जर्मनची आहे हे ऐकून त्या बाहेर आल्या. आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. त्यांनी विचारलं, "जर्मनची म्हंजे पातेल्यासारखी? धोंडा लागला तर पोचा येईल की."

जर्मनी नावाचा देश आहे आणि गाडीचं अंग तर लाकडाचं आहे, असं यांनी समजावून सांगितलं. खरंच होतं ते. चौकट लाकडी, तिच्यावर पातळ फळ्या आणि त्यांच्यावर काळं मेणकापडासारखं कातडं ताणून बसवलेलं. सासूबाईंनी दारावर बोटानं टकटक केलं. आतून भुरभुर पीठ पडलं. वाळवी लागली होती.

"ह्यात लाकूड बी न्हाय राहिलं," म्हणत त्या आत गेल्या.

गाडीबरोबर तीन वस्तू मिळाल्या: इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल, कातडी गुंडाळीत ठेवलेले नट आवळायचे पाने, आणि एक पुस्तिका. पुस्तिका जर्मन भाषेत होती. पण तिच्यात चित्रं भरपूर होती आणि प्रत्येक पानाच्या समासात डॉक्टरसाहेबांनी आपल्या ड्रायव्हरसाठी उर्दूत बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. मला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं. एका रविवारी मी पाने काढले आणि यांना म्हटलं, तुम्ही नुसतं वाचून दाखवा.

त्या रविवारपासून यांची खुर्ची ओसरीतून लिंबाखाली आली. मी काष्टा आवळून गाडीच्या तोंडाशी, हे खुर्चीत पुस्तिका घेऊन. डॉक्टरांचं अक्षर मोठं गिचमिड होतं. नुक्ते, म्हणजे अक्षरांवरची टिंबं, दिसत नसायचे, घाईत अक्षरं एकमेकांवर चढलेली असायची. दाव्याचा दस्तऐवज लावावा तसे हे एकेक शब्द लावायचे, मग एकदा उर्दूत म्हणायचे, मग मराठीत. "लोहे से मत खुरचो, लकडी से. म्हणजे, लोखंडानं खरवडू नका." मी बांबूची कामटी तासून घ्यायची.

इंजिन मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. दोन सिलेंडरचं, लहानसं. त्यात झडपा नव्हत्या. पिस्टन वर-खाली होताना सिलेंडरच्या भोकांवरून सरकायचा आणि त्यातूनच धूर बाहेर जायचा. ती भोकं काजळीनं बुजली होती, चुलीच्या धुराड्यासारखी. ती मी चार रविवार खरवडत होते. पिस्टनच्या रिंगा चिकटून बसलेल्या. त्या आठ दिवस रॉकेलमधे भिजत ठेवल्या आणि रोज सकाळी अंघोळीच्या आधी जाऊन थोड्या हलवून बघायची. नवव्या दिवशी एक सुटली, दुपारी दुसरी. वरच्या झाकणाखालची तांब्याची चकती कडक होऊन गेली होती. नवी मिळणार नव्हती. पेठेतल्या तांबटानं ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली, आणि ती पुन्हा मऊ झाली. हे समासात लिहिलेलं नव्हतं. ते मला अप्पांमुळं ठाऊक होतं, आणि ते यांनी पुस्तिकेत पेन्सिलीनं लिहून ठेवलं, उर्दूतच.

समासातली एक ओळ वाचून आम्ही खूप हसलो होतो. गाडीच्या समोरच्या फळीखाली एक खुंटी होती, ओढली की बाहेर यायची, दाबली की आत. तिच्या चित्राशेजारी, यांनी वाचलं तसं, लिहिलं होतं: 'इतवार पर बंद रखो.' हे म्हणाले, डॉक्टरसाहेबांची उर्दू इथं जरा घसरली, 'इतवार को' पाहिजे. आणि मग म्हणाले की जर्मन लोक रविवारी प्रार्थनेला जात असतील, गाडीलासुद्धा सुट्टी देत असतील. आम्हाला तर रविवारशिवाय वेळच मिळत नव्हता. मी ती खुंटी बाहेर होती तशीच राहू दिली.

ह्या इंजिनाला तेल वेगळं घालायचं नसतं, पेट्रोलमधेच मिसळायचं असतं. पंचवीस मापांना एक. स्वयंपाकघरातलं एक मापटं मी त्यासाठी कायमचं बाहेर काढलं. नवी बॅटरी आणि टायर सोलापूरहून आले. सगळं जोडून झालं त्या दुपारी यांनी कोट काढून ठेवला आणि हँडल मारायला घेतलं. पाचव्या-सहाव्या वेळी इंजिन फुरफुरलं, गप्प झालं. मी हवा थोडी कमी केली. पुन्हा हँडल मारलं आणि ते लागलं. सगळं अंगण निळ्या धुरानं भरून गेलं. हे धुरात उभे राहून हसत होते आणि मला काहीतरी सांगत होते, ते मला ऐकू येत नव्हतं. सासूबाईंनी बाजेवर पापड वाळत घातले होते. त्या वर्षी पापड तळले की पंगतीत प्रत्येकजण एकदा हुंगून बघायचा.

मग अंगाचं काम. बैलगाड्या करणारा एक म्हातारा सुतार आम्ही बोलावला. त्यानं कातडं सोलून काढलं, आतली चौकट बघितली, एका सांध्यावरून बराच वेळ अंगठा फिरवला. म्हणाला, "ज्यानं केलं त्येला काम येत व्हतं." कुजलेल्या फळ्यांच्या जागी तसल्याच पातळ फळ्या लावायला तो तयार होईना. ह्या उन्हात त्या तडकणार, असं त्याचं म्हणणं. त्यानं सागाच्या फासळ्या बसवल्या आणि टपाला ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला. पत्रा ठोकताना सासूबाई मुद्दाम बघायला आल्या आणि आता झाली खरी जर्मनची, म्हणाल्या. काळं कातडं काही मिळालं नाही. सोलापूरहून गर्द हिरवं रेक्झिन आणलं आणि माझ्या हातमशीनवर बैठकांच्या खोळी मी शिवल्या. जाड रेक्झिनला मशीनच्या सुया तुटायच्या. शेवटी अर्ध्या खोळी मी दाभणानं शिवल्या, आणि त्या जरा वाकड्या झाल्या. जवळून बघितल्याशिवाय कळत नसे.

चालवायला शिकवलं आमच्या गल्लीतल्या एका एस.टी. ड्रायव्हरनं, आम्हा दोघांनाही. कोर्टामागच्या मैदानात यांनी पहिल्या आठवड्यात गाडी कडब्याच्या गंजीत घातली, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच गंजीत. माझं बरं चाललं. लायसन काढायला गेले तेव्हा साहेबांनी दोनदा विचारलं की अर्ज नक्की माझाच आहे ना. बायकांनी मोटार चालवावी की नाही, ह्यावर शेजारीपाजारी बोलणं होणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. सासूबाई काय म्हणतील ह्याची मात्र मला धास्ती होती. पहिल्यांदा देवीला जायचं ठरलं त्या सकाळी हे स्टिअरिंगच्या चाकाशी बसायला लागले. सासूबाई दार धरून उभ्या राहिल्या, आत बसेनात. "तू ऊठ," त्या यांना म्हणाल्या. "तिला बसू दे. गंजीत जायचं असतं तर मी बैलगाडीनं गेले असते."

त्या दिवशी तुळजापूरला जाईपर्यंत गाडी तीनदा उकळली. दर चार-पाच मैलांवर रेडिएटरमधून वाफ यायची आणि आम्ही कुणाच्यातरी विहिरीवर घागर मागायला जायचो. मला कारण समजायला वेळ लागला नाही. ह्या इंजिनात पाणी फिरवायला पंप नव्हता. तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं, थंड झालेलं खाली यायचं. आपल्या अंघोळीच्या बंबात होतं तसं. जर्मनीच्या थंडीत ते पुरत असणार. इथल्या चैत्रात कसं पुरावं? वर पाणी जास्त मावलं तरच ते निवायला वेळ मिळणार.

मी तांबटाकडं गेले आणि त्याला म्हटलं, मला एक आडवा बंब करून पाहिजे. तो दोन दिवस आमच्या अंगणात येऊन मापं घेत होता. रेडिएटरच्या डोक्यावर बसेल अशी तांब्याची टाकी त्यानं ठोकून केली. एक घागर पाणी जास्त मावायचं तिच्यात. जर्मन कारागिरांना ती आवडली असती की नाही, ठाऊक नाही. गाडीचं तोंड तिच्यामुळं जरा फुगलेलं दिसायचं. पण त्यानंतर भर उन्हात गाडी उकळली नाही. सासूबाई घरातली पितळ-तांब्याची भांडी चिंचेनं घासायला काढायच्या, तेव्हा ती टाकीसुद्धा घासून घ्यायच्या.

दोनेक वर्षं अशी सुखाची गेली. मग सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सोलापूरला शस्त्रक्रिया करायचं ठरलं. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर डोक्याला धक्का बसू नये म्हणून फार जपावं लागायचं, आणि परत येताना बसचे हिसके नकोत असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आपलीच गाडी न्यायची, असं आम्ही ठरवलं. मी ब्रेकच्या तारा ओढून घेतल्या, चाकांना वंगण भरलं. मागं सासूबाई आणि वळकटी, पुढं आम्ही दोघं.

तुळजापूर सोडल्यावर सोलापूरच्या बाजूला घाट उतरायचा असतो. तोपर्यंत माझी गाडी त्या घाटात कधी गेली नव्हती. पहिल्या वळणाला मी पाय उचलला आणि माझ्या ध्यानात आलं की गाडी हळू होत नाहीय. इंजिन आपलं मंद फुटफुटत होतं आणि गाडी मोकळी पळत होती, पायडल न मारता सायकल उतारावरून पळते तशी. सपाट रस्त्यावर हा तिचा गुण आम्हाला आवडायचा, पेट्रोल कमी लागायचं. इथं मी ब्रेक दाबला, सोडला, दाबला. तिसऱ्या वळणाला पायाखालचं पायडल मऊ लागलं आणि जळका वास आला. हातब्रेक ओढला, त्यानं काही फरक पडेना. खाली रस्त्यावर कडब्यानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग दिसत होती आणि एका बाजूला दरी होती.

यांना वासावरून कळलं असणार. ते समोरच्या फळीकडं बघत होते. मग एकदम, पण आवाज न चढवता म्हणाले, "इतवार नव्हे ते. उतार आहे. उतार पर बंद रखो. ती खुंटी आत दाब."

मला त्या क्षणी सगळं कळलं. ती खुंटी बाहेर असली की चाकं इंजिनापासून मोकळी सुटत होती, आणि आत दाबली की धरली जाणार होती. तशीच दाबली असती तर आतले दाते तुटले असते. मी आधी इंजिनाचा वेग वाढवला, गाडीच्या वेगाला जुळला असं कानाला वाटेपर्यंत, आणि मग खुंटी दाबली. खाली एक खटका वाजला. इंजिन मोठ्यानं गुरगुरलं आणि कुणीतरी मागून दोर ओढून धरावा तशी गाडी रोखली गेली. मी दुसरा गिअर टाकला. शेवटच्या बैलगाडीजवळून आम्ही माणसाच्या चालीनं गेलो. गाडीवान कडब्यावर आडवा होऊन झोपला होता.

घाट संपल्यावर सपाटीला मी गाडी कडेला घेतली. चाकांतून धूर येत होता. मागून सासूबाईंनी विचारलं, "आला का घाट?" त्यांना दिसत काहीच नव्हतं.

"उतरलो," मी म्हटलं.

"मग थांबलाव कशाला?"

पाणी प्यायला, असं सांगून हे खाली उतरले आणि बाभळीखाली जाऊन बसले. मी तांब्या घेऊन गेले. ते म्हणाले, "एक वाव जास्त वाचला मी." उर्दूत उतार आणि इतवार ह्या दोन शब्दांत एवढाच फरक असतो, एका वावचा, म्हणजे आपल्या 'व'चा. डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात तो आहे की नाही कळत नव्हतं आणि यांनी तो आहे असं धरलं होतं. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते की वाक्य चुकीचं वाटलं होतं तेव्हाच आपण थांबायला हवं होतं. मी त्यांना म्हटलं, इंजिनातलं मला कळतं म्हणून मी मिरवते, आणि दोन वर्षं ती खुंटी कशाची आहे हे मी एकदाही खाली वाकून बघितलं नाही. तुमची चूक एका अक्षराची, माझी त्याहून मोठी. ते खरंच होतं, समजूत घालायला म्हटलेलं नव्हतं. आम्ही ब्रेक निवेपर्यंत तिथं बसलो. मग ते हसले थोडे आणि मी पण हसले.

सोलापूरला सासूबाईंची शस्त्रक्रिया नीट झाली. त्यांच्या खाटेशेजारी दहा दिवस बसायचं होतं. यांनी बाजारातून एक कोरी वही आणली, पुस्तिका मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून प्रत्येक टीप नव्यानं लावायला सुरुवात केली. ह्या खेपेला प्रत्येक ओळीला मला विचारायचे: असं असू शकतं का? ह्या भागाचं हेच काम आहे का? आणखी दोन जागी वाचण्यात चुका निघाल्या, पण त्या निरुपद्रवी होत्या. पटलं की वहीत मराठीत लिहायचे. पहिल्या दिवशी दोन पानं झाली. शेवटच्या दिवशी मी बघितलं, ते टाक खाली न ठेवता लिहीत होते. सासूबाईंच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्या म्हणाल्या, मोठ्यानं वाच, मला बी कळू दे गाडीत काय असतंय ते. मग हे वाचायचे आणि त्या मधेच अडवायच्या. "आवळणे म्हंजे किती? हातानं का पान्यानं? लिही तसं." त्यांच्यामुळं ती वही फार सोपी झाली. शेजारच्या खाटेवरचा मुरूडचा एक शेतकरी म्हणाला की आता ही गाडी मीसुद्धा उघडीन.

परत येताना घाट चढून आलो, सावकाश. सासूबाई उशीला डोकं टेकून पडल्या होत्या, त्यांना एक हिसका बसू दिला नाही. पट्ट्या निघाल्या, चष्मा आला. चष्मा लावून पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा त्यांनी बैठकीवरून हात फिरवला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढी वाकडी शिलाई? इतके दिवस मला कुणी सांगितलं बी न्हाय." पुढच्या महिन्यात त्यांनी समोर बसून मला सगळ्या खोळी उसवायला लावल्या.

त्या वहीनंतर यांच्या लिहिण्याची भीती गेली. ते एकदम झालं नाही, पण झालं. मराठीतले अर्ज ते वहीतल्यासारखेच लिहायचे, लहान वाक्यांत, आधी काय झालं, मग काय झालं. नव्या न्यायाधीशांना ते आवडायचं. डॉक्टरसाहेबांना यांनी पत्र लिहून घाटातली हकिगत कळवली. त्यांचं उत्तर आलं, आपल्या अक्षराबद्दल त्यांनी माफी मागितली होती आणि ते पत्रसुद्धा आम्हाला वाचायला दोन दिवस लागले.

मोटार पुढं सात-आठ वर्षं चालली. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी इंजिन उघडायची आणि काजळी काढायची. पुढच्या दिव्यांना मी मोठ्या काचा बसवल्या, समोरच्या काचेवरच्या पुसण्या बदलल्या, मागच्या बाजूला सामानाची जाळी लावून घेतली. दारावरचा लहानसा लाल हात वळायच्या वेळी बाहेर यायचा, तो अडकायचा. तो दुरुस्त करायचा मी फार प्रयत्न केला आणि तो कधीच नीट झाला नाही. वळायच्या वेळी हे आपलाच हात बाहेर काढायचे.

एका पौषात आम्ही दोघं मुरुमला निघालो होतो. जळकोटच्या अलीकडं इंजिनातून असा आवाज आला की मी लगेच बंद केलं. आत मधला दांडा गेला होता. तो सोलापुरात मिळणार नव्हता, मुंबईतसुद्धा मिळणार नव्हता, आणि ह्या खेपेला तांबट किंवा सुतार काही करू शकणार नव्हते. मी यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की.

रस्त्याला लागूनच एक ज्वारीचं शेत होतं. शेतकरी आणि त्याची बायको धावत आली. काय झालं विचारलं, चार माणसं बोलावली आणि गाडी ढकलत त्यांच्या गुरांच्या कोठ्याच्या आडोशाला नेऊन लावली. मग आम्हाला काही बोलू न देता आगटीशी बसवलं. हुरड्याचे दिवस होते. बाई कणसं भाजत होती, तळव्यावर चोळून देत होती, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ पुढं ठेवला होता. मला वाटलं होतं की मला रडू येईल. पण ऊन चांगलं पडलं होतं, हुरडा गोड होता आणि शेजारी हे त्या शेतकऱ्याला पाण्याची टाकी कशी चालते ते सांगत होते, न अडखळता, माझ्यापेक्षा चांगलं. मी ऐकत खात बसले. त्या शेतकऱ्यानं विचारलं, ह्या गाडीचं आता काय करणार? आम्ही एकमेकांकडं बघितलं. मी म्हटलं, चाकं चांगली आहेत, तुमच्या बैलगाडीला बसतील. सागाच्या फासळ्यापण चांगल्या आहेत.

मुरुमला जायचं त्या दिवशी राहिलं. चार वाजता आम्ही हायवेवर उभं राहून एस.टी. पकडली, पिशवीत हुरडा आणि पाने तेवढे बरोबर घेतले. घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओसरीत वाती वळत बसल्या होत्या. गाडीचा आवाज न येता आम्ही आलो म्हणून त्यांनी चष्म्यातून वर बघितलं. हे म्हणाले, गाडी जळकोटला ठेवून आलो, तिचं झालं आता.

त्यांनी वाती बाजूला ठेवल्या. "चांगली चालली," म्हणाल्या. "हात-पाय धुवा, पानं घेते."

आम्ही हुरडा खाऊन आलोय हे सांगायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. निमूट जेवायला बसलो.